लेन्स घेण्याआधी जुने फोटो मोजा

ओळखीतल्या कुणी कॅमेरा घेतला की तीनेक महिन्यांत फोन येतोच. "कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्समध्ये काही दम नाही रे, कुठली लेन्स घेऊ?" मी विचारतो, कशासाठी? "सगळ्यासाठीच. पक्षी, ट्रेक, घरातली लग्नं, बाळाचे फोटो." मग मी एक काम सांगतो. त्याला पैसे लागत नाहीत, नुसती एक संध्याकाळ जाते. दहांतले आठ जण ते करत नाहीत आणि थेट ऑनलाइन सेलची वाट बघत बसतात.

पहिली पायरी: वही घेऊन बसा

गेल्या सहा-आठ महिन्यांतले स्वतःला आवडलेले शंभर फोटो निवडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती एमएमला, म्हणजे किती फोकल लेंग्थला, काढला ते लिहिलेलं असतं. लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर फिल्टर लावला की फोकल लेंग्थनुसार संख्याच समोर येते. नाहीतर एकेका फोटोची फोकल लेंग्थ फोनच्या गॅलरीतही दिसते. १८ ते २४, २४ ते ३५, ३५ ते ५० आणि ५५ला टेकलेले, असे चार रकाने करा आणि रेघा मारत जा.

मी स्वतःला पक्ष्यांचा फोटोग्राफर समजत होतो. मोजले तेव्हा शंभरातले एकसष्ट फोटो २४ ते ३५ एमएममधले निघाले: घरातली माणसं, वारी, चहाच्या टपऱ्या, गणपती. पक्षी अकरा. मोठ्या टेलीसाठी, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्ससाठी, साठवायला घेतलेल्या पैशांतून मी आधी ३५ एमएमची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घेतली, आणि आजही बॉडीला बहुतेक दिवस तीच असते.

दुसरी यादी फसलेल्या फोटोंची करा. ती जास्त बोलते. प्रत्येक फोटोपुढे फसण्याचं कारण दोन शब्दांत लिहा: "मावलं नाही", "लांब राहिलं", "अंधार होता", "हललं", "मागे पसारा", "बारीक होतं". शेवटी ज्या कारणापुढे सगळ्यात जास्त रेघा, त्याची लेन्स घ्यायची. मावलं नाही म्हणजे वाइड. लांब राहिलं म्हणजे टेली. अंधार म्हणजे मोठ्या अॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक मोठं असलेली लेन्स. मागे पसारा येत असेल तरी मोठं अॅपर्चर किंवा थोडी लांब लेन्स. बारीक म्हणजे अगदी जवळून काढायची मॅक्रो.

"हललं" या कारणाचे मात्र दोन भाग करा. सगळाच फोटो हलला असेल तर हात हलला. त्याला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) किंवा ट्रायपॉड लागतो. मागची भिंत स्वच्छ आणि पळणारं पोर तेवढं पुसट असेल तर शटर स्पीड कमी पडला, तिथे स्टॅबिलायझेशन काहीही करू शकत नाही. या एका गफलतीत लोकांचे बरेच हजार वाया जातात.

दुसरी पायरी: आपण कुठल्या माउंटला बांधले गेलो आहोत

माउंट म्हणजे लेन्स बॉडीला अडकते ती जागा. बॉडी पाच-सहा वर्षांत बदलते, माउंट सहसा बदलत नाही, कारण तोवर लेन्स जमलेल्या असतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आला, कॅननचा ईएफ १९८७ पासून. २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, नवे माउंट आणले, निकॉनचा झेड आणि कॅननचा आरएफ. सोनीचा ई माउंट २०१० चा आणि फुजीचा एक्स २०१२ चा.

आपल्या खिशाशी याचा संबंध असा. आरशाचे जुने डीएसएलआर सोडून लोक मिररलेसकडे वळल्यामुळे ईएफ आणि एफ माउंटच्या उत्तम लेन्स सेकंडहँड बाजारात भरपूर आहेत आणि भावही उतरले आहेत. कॅननच्या मिररलेसवर ईएफ लेन्स मधे अॅडॉप्टर, म्हणजे जोडकडी, लावून व्यवस्थित चालतात, ऑटोफोकससकट. निकॉनच्या बाबतीत जरा जपून. एफटीझेड अॅडॉप्टरवर आत स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो, पण जुन्या एएफ-डी लेन्सचा चालत नाही, कारण त्यांना बॉडीतली मोटर लागते. हीच अडचण डी३५०० आणि डी५६०० सारख्या डीएसएलआरवरही येते. दुकानदार "निकॉनचीच आहे, बसते" म्हणतो. बसते खरी, पण फोकस हातानं करावा लागतो.

सोनीच्या ई माउंटला टॅमरॉन आणि सिग्मा या बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्सची निवड सगळ्यात मोठी. आरएफवर ती बराच काळ नव्हती. २०२४ मध्ये क्रॉप सेन्सरसाठीच्या (म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरसाठीच्या) काही सिग्मा आणि टॅमरॉन लेन्स तिथे अधिकृतपणे आल्या. अजून बॉडीच घ्यायची असेल तर बॉडीची जाहिरात वाचण्याआधी त्या माउंटवर तुम्हाला लागणाऱ्या तीन लेन्स आपल्या बजेटमध्ये मिळतात का, हे पाहा.

तिसरी पायरी: लेन्सवरचे आकडे

फोकल लेंग्थ म्हणजे किती रुंद किंवा किती जवळचं दिसणार. क्रॉप सेन्सरवर निकॉन, सोनी, फुजी असेल तर आकड्याला १.५ ने गुणा, कॅनन असेल तर १.६ ने. मग फुल फ्रेमवर कितीची लेन्स लावल्यासारखं दिसेल ते कळतं. क्रॉप बॉडीला ५० एमएम लावली की ७५-८० चं दृश्य मिळतं. म्हणूनच "पहिली प्राइम ५०च घे" हा सल्ला आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत फसतो. माणूस भिंतीला पाठ टेकवून उभा राहतो आणि तरी आजी-आजोबा एकत्र मावत नाहीत. क्रॉपवर घरातल्या फोटोंसाठी ३५ एमएम घ्या, नाहीतर २४-२८.

अॅपर्चरचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. किट लेन्स ५० एमएमच्या आसपास एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० एमएम एफ १.८ ची साधी प्राइम त्याच जागी जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जो फोटो आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० ला दाणेदार येत होता तो ६४० ला येतो. नव्या बॉडीवर पन्नास हजार घालून एवढा फरक पडत नाही.

बाकी अक्षरांत लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनची नावं असतात: निकॉनचं व्हीआर, कॅननचं आयएस, सोनीचं ओएसएस, टॅमरॉनचं व्हीसी, सिग्माचं ओएस. काम सगळ्यांचं एकच.

पक्षी आणि जंगल

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून जरा सविस्तर.

आधी एक हिशेब. छोटा खंड्या साधारण १७ सेंटिमीटरचा. तो वीस मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे ३०० एमएमची लेन्स आहे. सेन्सरवर त्याची प्रतिमा अडीच मिलिमीटरची पडते. क्रॉप सेन्सरची उंची साधारण साडेपंधरा मिलिमीटर, म्हणजे फ्रेमचा एक षष्ठांश. ६०० एमएम घेतली तर एक तृतीयांश. आणि ३०० च ठेवून दहा मीटर जवळ गेलात तरी तेच एक तृतीयांश. लाखभर रुपये किंवा दहा मीटर. पक्षी न उडवता ते दहा मीटर कसे कापायचे, हे शिकायला एक हिवाळा जातो. तो हिवाळा आधी घालवा, मग लेन्स घ्या.

जागेनुसारही गरज बदलते. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला होडीनं जातात. पक्षी चार-साडेचार फूट उंच, थव्यानं उभा, आणि होडी बऱ्यापैकी जवळ नेते. तिथे ७०-३०० नं उत्तम काम होतं, उलट ६०० ला थवा मावत नाही. सिंहगडच्या पायथ्याच्या झाडीत मात्र नाचण किंवा स्वर्गीय नर्तक सावलीत, फांद्यांमागे, सतत हलता. तिथे ५००-६०० हवी आणि प्रकाशही कमी, म्हणजे दोन्हीकडून मार. ताडोबात वाघ कधी जिप्सीपासून आठ मीटरवर चालतो, कधी पाणवठ्याच्या पलीकडे दीडशे मीटरवर बसून राहतो. जंगलासाठी झूम घ्यावी असं मी म्हणतो ते यासाठीच. लांब प्राइम घेऊन गेलेल्या एकाला वाघ जवळ आला तेव्हा फक्त डोळा आणि अर्धी मिशी मिळाली होती.

बजेटच्या दृष्टीनं आज तीन पायऱ्या दिसतात. पहिली ७०-३०० किंवा १००-४०० सारखी हलकी झूम. कॅननची आरएफ १००-४०० अवघी ६३५ ग्रॅमची आहे. तिचं अॅपर्चर एफ ५.६-८, त्यामुळे ढगाळ दिवशी आयएसओ चढतो, पण ती रोज सोबत येते. दुसरी पायरी खऱ्या पक्षीवेड्यांची: सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००, निकॉनची २००-५०० एफ ५.६, सोनीची २००-६००, निकॉन झेडची १८०-६००. या सगळ्या दोन किलोच्या आसपास किंवा त्याहून जड. दुकानात उचलून बघू नका, पाऊण तास गळ्यात घालून फिरून बघा. तिसरी पायरी ४०० एफ २.८ आणि ६०० एफ ४ ची. नव्या घेतल्या तर दहा लाखांच्या पुढे. त्यांच्याबद्दल मी लिहिण्यासारखं फार नाही, कारण एकदा मित्राची हातात घेतली आणि घामच फुटला.

ताडोबात पहाटे एफ ५.६ ला १/५०० सेकंदासाठी आयएसओ ६४०० लागत असेल तर एफ २.८ ला १६०० पुरतो. त्या दोन स्टॉपची, म्हणजे चौपट प्रकाशाची, किंमत कित्येक लाख. पोटापाण्याचा धंदा नसेल तर नॉइज, म्हणजे दाणे, काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवा.

आणखी एक. भिगवणला सकाळी दहानंतर पाण्यावरून हवा लवलवायला लागते. ६०० एमएमनं काढलेला प्रत्येक फोटो मऊ येतो. लोक लेन्सला शिव्या घालतात, सर्व्हिस सेंटरला नेतात, काही जण विकतातही. लेन्स बिचारी ठीक असते. तीच लेन्स सकाळी साडेसहाला लावून बघा.

लग्न आणि घरगुती समारंभ

अंतरपाट खाली यायला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात एक काका मोबाइल धरून मधे येतात. त्यामुळे लग्नात झूमला पर्याय नाही. फुल फ्रेमवर २४-७० एफ २.८ आणि ७०-२०० एफ २.८ ही जोडी वर्षानुवर्षं टिकलीय ती याच कारणानं. दोन बॉडी, दोन लेन्स, मधे लेन्स बदलणं नाही.

कॅमेऱ्याच्याच कंपनीच्या २४-७० ची किंमत परवडत नसेल तर सोनीवर टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ बघा. क्रॉपवर सिग्माची १८-५० एफ २.८ फक्त २९० ग्रॅमची आहे आणि किट लेन्सच्या जागी तिच्याइतका पटकन दिसणारा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. जुन्या डीएसएलआरवाल्यांना १७-५० एफ २.८ सेकंडहँड मिळते.

सोबत एक प्राइम ठेवा. फुल फ्रेमवर ८५ एफ १.८ नं नवरीचे एकटीचे फोटो सुरेख येतात. क्रॉपवर हीच ८५ जवळजवळ १३० सारखी वागते आणि मंगल कार्यालयाच्या नवरीच्या खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. तिथे ५० घ्या.

हॉलमधल्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे काळे पट्टे येतात. ते लेन्समुळे येत नाहीत. मेकॅनिकल शटर लावा, स्पीड १/१०० किंवा १/५० ला आणा.

सह्याद्री, कास आणि तारे

निसर्गचित्रणाची लेन्स ही सगळ्यात स्वस्तात भागणारी गोष्ट आहे, आणि हे लेन्स विकणारा कुणी सांगत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा, एफ ८ किंवा ११, आणि किट लेन्ससुद्धा खणखणीत फोटो देते. कोकणकड्यावर मावत नाही असं वाटलं तर १०-१८ किंवा ११-१६ सारखी वाइड घ्या, पण वाइड लेन्समध्ये समोर काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर मोठं आभाळ आणि लांब बारीक डोंगर एवढंच उरतं. मी बरेच चांगले डोंगर ७० ते २०० मध्ये काढलेत. एकामागे एक रांगा टेलीतच जमतात.

लेन्सपेक्षा आधी पोलरायझर घ्या. पावसाळ्यात ओल्या पानांवरची चमक त्यानं जाते आणि हिरवा खरा हिरवा दिसतो. फिल्टर तुमच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा, समजा ७७ एमएमचा घ्या आणि बाकीच्यांना दीड-दोनशे रुपयांच्या स्टेप-अप रिंग लावा.

ताऱ्यांसाठी आणि पुरुषवाडीच्या काजव्यांसाठी मात्र एफ २.८ किंवा त्याहून मोठं अॅपर्चर लागतंच. ताऱ्यांच्या रेघा येऊ नयेत म्हणून ५०० ला फोकल लेंग्थनं, क्रॉप गुणून, भागायचं. क्रॉपवर १८ एमएम असेल तर साधारण १८ सेकंद.

मॅक्रो

"मॅक्रो" हा शब्द झूम लेन्सवरही छापलेला असतो. त्यावर जाऊ नका. खरी मॅक्रो म्हणजे १:१, वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. साठ एमएमची मॅक्रो स्वस्त आणि हलकी, पण १:१ ला जाताना लेन्स किड्याच्या अगदी अंगावर जाते. तो उडतो, किंवा तुमचीच सावली पडते. ९० ते १०५ एमएममध्ये मधे हात-दीड हात नसला तरी पाच-सहा इंच अंतर राहतं. आंबोलीला रात्री बेडूक बघायला जाणाऱ्यांच्या हातात बहुतेक याच दिसतात. त्या बेडकांच्या अंगाला लेन्स लागण्याइतकं जवळ जाऊही नये.

पण आधी हजार-दोन हजारांत करून बघा. ऑटोफोकसच्या पिना असलेल्या एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणाऱ्या पोकळ नळ्या, मिळतात, त्या ५० एमएमला लावल्या की भलत्याच जवळ जाता येतं. थोडे जास्त घालायची तयारी असेल तर ७०-३०० च्या तोंडाला अडकवायची रेनॉक्स डीसीआर-२५० ही छोटी भिंग घ्या. एक पावसाळा यावर काढल्यावरही हौस टिकली तर मॅक्रो लेन्स घ्या. मॅक्रोत एफ ११-१३ ला जावं लागतं, म्हणजे उजेड फ्लॅशचा. त्या फ्लॅशपुढचा, उजेड मऊ करणारा डिफ्यूजर बटर पेपर आणि पुठ्ठ्याचा घरीच करा. माझा पाच वर्षं चाललाय.

कासला नियम वेगळा. तिथे सीतेची आसवं ही फुलं जमिनीलगत, बोटाच्या पेराएवढी, आणि वाट सोडून आत पाय टाकायचा नसतो. १:१ चा उपयोग होत नाही. जवळ फोकस होणारी ७०-३०० घेऊन वाटेवरच पालथे झोपा.

चौथी पायरी: भाड्यानं आणा

पुण्या-मुंबईत, आणि आता बऱ्याच जिल्ह्यांच्या गावीही, लेन्स दिवसाच्या भाड्यानं मिळते. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. काउंटरवरच मोबाइलचा टॉर्च मारून लेन्स आतून बघा, बाहेरच्या चरांचे फोटो काढा. परत देताना जुना ओरखडा आपल्या नावावर लागू नये. मी एकदा हे केलं नव्हतं, आणि लेन्सच्या तोंडावरच्या हूडच्या तुटलेल्या कडेचे पैसे भरून गप्प बसलो.

भाड्याची लेन्स घरात खेळत बसू नका. जे काम करायचंय त्याच कामाला न्या, दोन दिवस. पहिल्या दिवशी सगळ्याच लेन्स आवडतात. दुसऱ्या दिवशी दुपारी खांदा काय म्हणतो ते ऐका.

विकत घ्यावी की भाड्यानंच चालवावी, याचं गणित सोपं आहे. समजा लेन्स १,२०,००० ची आणि भाडं दिवसाला १,२००. चार वर्षांनी ती ७०,००० ला विकली जाईल असं धरलं तर खरा खर्च ५०,०००, म्हणजे सुमारे ४२ दिवसांचं भाडं. वर्षाला दहा-अकरा दिवस वापरणार असाल तर घ्या. वर्षातून एकदा ताडोबा असेल तर भाडंच बरं. बॉडीचं असं गणित मांडायला जाऊ नका. नवं मॉडेल आलं की तिचा भाव कोसळतो, चांगली लेन्स त्या मानानं सावकाश उतरते.

हप्त्यांबद्दल माझं मत कडक आहे. लग्नाच्या ऑर्डरी हातात असतील तर हप्ता ठीक, लेन्स स्वतःचा हप्ता फेडते. जीएसटी नोंदणी असेल तर बिल धंद्याच्या नावानं घ्या. हौसेसाठी मात्र पैसे साठवून घ्यावी.

पाचवी पायरी: सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार, ओळखीचे दुकानदार, फोटोग्राफरांचे ग्रुप, कुठूनही घ्या, पण स्वतःची बॉडी आणि लॅपटॉप बरोबर न्या. भर उजेडात, घाई न करता.

लेन्सच्या एका टोकातून टॉर्च मारा आणि दुसऱ्या टोकातून तिरकं बघा. निकॉनच्या जुन्या जी लेन्स असतील तर मागची छोटी पट्टी बोटानं सरकवून अॅपर्चरची पाती उघडावी लागतात. थोडी धूळ दिसेल, तिला घाबरू नका, फोटोत येत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. दुधासारखा पडदा दिसला तर तीही नको. पात्यांवर तेल चमकतंय का ते बघा. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील तर लेन्स कधीतरी उघडली गेलीय. फिल्टर लावायच्या कडेला पोचा असेल तर पडलीय.

मग ती आपल्या बॉडीवर लावा. जवळ-लांब, जवळ-लांब असा दहा वेळा फोकस करा आणि कान द्या. एखादी विटांची भिंत किंवा भिंतीला चिकटवलेलं वर्तमानपत्र समोरासमोर, सगळ्यात मोठ्या अॅपर्चरला, झूमच्या दोन्ही टोकांना काढा. लॅपटॉपवर चारही कोपरे मोठे करून बघा. चारही थोडे मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव. तीन स्वच्छ आणि एकच पुसट असेल तर आतली भिंग सरकलीय. विकणारा "सेटिंगचा प्रॉब्लेम आहे" म्हणेल. नमस्कार करून निघा.

बिल आणि सीरियल नंबर जुळवून बघा. नवी घेतानाही "बिलाशिवाय आठ हजार कमी" असं कुणी म्हणालं तर ती बहुधा बाहेरून आलेली असते आणि कंपनीची भारतातली वॉरंटी तिला मिळत नाही. साध्या ५० एमएमला ती जोखीम एकवेळ चालेल. स्टॅबिलायझेशनवाल्या लाखाच्या झूमला चालणार नाही.

नवी लेन्सही घरी आल्याच दिवशी याच भिंतीपुढे उभी करा. परत करायची मुदत थोडी असते आणि लोक ती डबा जपून ठेवण्यात घालवतात.

सहावी पायरी: पावसाळा

माझी पहिली टेलीझूम मी रत्नागिरीला एक अख्खा पावसाळा चामड्याच्या पेटीत, लाकडी कपाटात, आजीच्या साड्यांशेजारी जपून ठेवली होती. दसऱ्याला काढली तर आत पांढरी जाळी. साफ करायला दिली, निम्मी निघाली. बुरशीनं कोटिंग खाल्लेलं होतं, ते परत येत नाही. चामडं ओल धरतं, लाकूड धरतं, कापड धरतं. लेन्स ठेवायला याहून वाईट जागा मला शोधूनही सापडली नसती.

हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात ती त्याच्या खाली क्वचितच येते. लेन्सवर एकूण लाखाच्या वर खर्च झाला असेल तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्या आणि काटा ४० ते ५० वर ठेवा. त्याहून फार कोरडं केलं तर आतलं ग्रीस आणि रबर सुकतं.

कमी खर्चात करायचं तर घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लॅस्टिकचा डबा, तीन-चारशे रुपयांचा, आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर आणि सिलिका जेल. बुटांच्या खोक्यातली पुडी पुरत नाही, पाव किलो तरी घ्या. तांदूळ नको, त्याचा भुगा लेन्सवर बसतो. लेन्स डब्यात टाकून विसरायची नाही. दर आठवड्याला काढून, फोकसची रिंग फिरवून, पाच-दहा फोटो काढून परत ठेवायची.

वारीला किंवा पावसात ट्रेकला नेताना "वेदर सील" (पाणी आत जाऊ नये अशी बांधणी) या शब्दावर विसंबू नका. लेन्स सील असली तरी बॉडीही सील हवी, आणि काही लेन्सना पुढे फिल्टर लावल्याशिवाय ते सील पुरं होतच नाही. दिवेघाटात मी हॉटेलातली शॉवर कॅप आणि दोन रबर वापरतो. एसी गाडीतून किंवा खोलीतून बाहेर दमट हवेत लेन्स थेट काढली की काचेवर आणि कधी आतही वाफ धरते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. घरी आल्यावर बाहेरून पुसली तरी रात्रभर डब्याबाहेर, पंख्याखाली ठेवा आणि सकाळी डब्यात टाका. ओली लेन्स डब्यात गेली की बाकीच्यांनाही ओल देते.

सिलिका जेल घेताना नारिंगी दाण्यांचं घ्या. ते ओलं झालं की हिरवट होतं. निळ्या दाण्यांचंही मिळतं, ते गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्टचा क्षार असतो, लहान मुलांच्या घरात नकोच. रंग बदलला की जुन्या तव्यावर मंद आचेवर हलवत राहा, रंग परत येईपर्यंत. पूर्ण गार झाल्यावर डब्यात टाका. आणि त्या तव्यावर परत पोळ्या करायच्या नाहीत, हे घरात आधीच सांगून ठेवा.